परतीचे तिकीट

एखाद्या देशाचे नाव राजवाड्यात ठरते, कधी सभेत ठरते, कधी लढाईच्या मैदानावर ठरते. पाकिस्तान हे नाव मात्र एका विद्यार्थ्याने ठरविले, आणि तेही परदेशात बसून. चौधरी रहमत अली हे पंजाबातले गृहस्थ केंब्रिजच्या इमॅन्युएल कॉलेजात शिकत होते. २८ जानेवारी १९३३ रोजी त्यांनी काही पानांचे एक पत्रक छापून वाटले, त्यात हे नाव प्रथम आले. त्या वेळी कोणी ते फारसे मनावर घेतले नाही. पुढे चौदा वर्षांनी त्या नावाचा देशच झाला! १९४८ साली, आपण नाव ठेवलेले हे बाळ पाहायला रहमत अली मोठ्या हौसेने लाहोरला गेले. पण फाळणीत पदरात पडलेल्या मुलखावर ते उघड नाराज होते, तेव्हा तिथल्या राज्यकर्त्यांचे आणि त्यांचे पटेना. काही महिन्यांतच त्यांना पुन्हा विलायतेची वाट धरावी लागली. १९५१ च्या फेब्रुवारीत ते केंब्रिजला वारले. अंत्यविधीचा खर्च त्यांच्या जुन्या कॉलेजने केला, आणि त्यांची कबर आजही केंब्रिजमध्येच आहे.

वाचकहो, दिवाळीच्या अंकात ही कबरीची गोष्ट कशाला, असे तुम्ही म्हणाल. तुमचे म्हणणे रास्त आहे. पण परदेशी शिकायला गेलेल्या पाकिस्तानी विद्यार्थ्याची कथा लिहायची म्हटले, तर ती इथूनच सुरू होते; आणि गंमत अशी, की तिच्यातला खरा पेच पहिल्याच माणसाच्या वाट्याला आला होता. जाण्याचे तिकीट कसेबसे मिळते. परतीच्या तिकिटाचे काय?

हा विषय डोक्यात घोळू लागला तो माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. मुलगा सांगलीकडचा, घरी ऊसशेती. अकरावी-बारावीला माझ्या मराठीच्या तासाला मागच्या बाकावर बसत असे. पुढे इंजिनियर झाला आणि २०२४ च्या सप्टेंबरात पाणी आणि जमीन यांच्या अभियांत्रिकीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करण्यासाठी लंडनला गेला. पूर्व लंडनमध्ये त्याने एक छोटे घर भाड्याने घेतले. भागीदार मिळाला तो त्याच्याच वर्गातला, फैसलाबादचा. फैसलाबाद म्हणजे पूर्वीचे लायलपूर. भगतसिंग जन्मले ते त्याच जिल्ह्यात.

दोघांची मैत्री कशावरून जमली असेल? क्रिकेटवरून नव्हे, सिनेमावरूनही नव्हे. खारट जमिनीवरून! कालव्याचे पाणी वर्षानुवर्षे पिकाला दिले, निचरा झाला नाही, की जमिनीच्या पोटातले पाणी वर चढते आणि मीठ पृष्ठभागावर आणून ठेवते. आमच्या कृष्णाकाठी अशा जमिनीला क्षारपड म्हणतात. फैसलाबादचा मुलगा म्हणाला, "आमच्याकडे याला सेम आणि थूर म्हणतात." सेम म्हणजे पाण्याने फुगलेली जमीन आणि थूर म्हणजे मिठाने पांढरी पडलेली. एकाच दुखण्याची ही दोन भाषांतली नावे. त्या दिवसापासून दोघांचा स्वयंपाक एकत्र झाला.

आता या मुलाचा हिशेब पाहा. वडील शाळामास्तर, चार एकर जमीन. मुलाला विलायतेला पाठवायचे असे ठरवून त्यांनी २०२१ पासून पैसे बाजूला टाकायला सुरुवात केली. त्या वर्षाच्या उन्हाळ्यात अमेरिकन डॉलरला सुमारे १५५ पाकिस्तानी रुपये पडत होते. २०२३ च्या सप्टेंबरात ३०० च्या वर पडू लागले. म्हणजे एखाद्या घराने चाळीस लाख रुपये साठविले असतील, तर पहिल्या भावाने त्यांचे पंचवीस हजारांहून अधिक डॉलर झाले असते. दुसऱ्या भावाने तेरा हजारांच्या घरात आले. घरातून एक पैसा चोरीस गेला नाही, कोणी उधळपट्टी केली नाही. तरी निम्मी पुंजी नाहीशी झाली! आपल्याकडेही रुपया घसरतो आणि आईबाप हळहळतात. पण दोनअडीच वर्षांत निम्मा होण्याचा अनुभव आपल्या पिढीला नाही. मास्तरांनी दीड एकर विकली. थोरल्या मुलीचे लग्न दोन वर्षे पुढे ढकलले. मुलाच्या खांद्यावरच्या पिशवीत पुस्तकांबरोबर हे सगळे सामान होते.

विलायतेत पाऊल ठेवण्याआधीच पहिली परीक्षा होते ती बँकेच्या पुस्तकाची. लंडनला शिकायला येणाऱ्याने नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च आपल्यापाशी आहे हे दाखवावे लागते, आणि ती रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते. २०२५ च्या नोव्हेंबरात ठरलेला दर महिन्याला १,५२९ पौंड, म्हणजे नऊ महिन्यांचे १३,७६१ पौंड. शिक्षणाची फी निराळी, व्हिसाची निराळी, आणि सरकारी दवाखान्याच्या सोयीसाठी दर वर्षाला ७७६ पौंड आगाऊ भरायचे ते निराळे. शिवाय क्षय नसल्याचा दाखला. हा दाखला आपल्या मुलांनाही लागतो, त्यात भेदभाव नाही.

तिथे गेल्यावर काम करता येते. पण सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपेक्षा अधिक नाही. २०२५ च्या एप्रिलपासून एकवीस वर्षांवरील माणसाचा किमान पगार तासाला १२.२१ पौंड होता. वीस तासांचे झाले २४४ पौंड, महिन्याचे सुमारे १,०५८. आणि सरकार स्वतःच म्हणते, की लंडनला राहायला १,५२९ लागतात! मधले पावणेपाचशे पौंड कुठून आणायचे, हे ज्याचे त्याने पाहावे. फैसलाबादचा मुलगा एका किराणा मालाच्या गोदामात रात्रपाळी करी. पहाटे घरी येई, दोन तास झोपे आणि वर्गात जाई. मालक देशीच होता. त्याने सुचविले, "वीस तास कागदावर, वरचे तास रोखीने. दर थोडा कमी देईन." असे करणारे पुष्कळ असतात, आणि तशी पाळी आलेल्याला दोष देण्याचे धाडस घरी पंख्याखाली बसून मी करणार नाही. पण या मुलाने ते नाकारले. माझ्या विद्यार्थ्याने कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "भाई, मेरी ग़लती सिर्फ़ मेरी नहीं रहती, पूरे मुल्क के खाते में लिखी जाती है."

हे वाक्य मला पत्रातून कळले आणि मी बराच वेळ त्यावर विचार करीत बसलो. कारण ते अक्षरशः खरे आहे. २००२ च्या अखेरीस अमेरिकेने काही देशांच्या पुरुषांना, विद्यार्थ्यांसुद्धा, कचेरीत येऊन बोटांचे ठसे व फोटो देऊन नाव नोंदविण्याची सक्ती केली. त्या यादीत पाकिस्तानचे नाव होते, भारताचे नव्हते. ती यादी २०११ मध्ये रद्द झाली. पुढे २०२५ मध्ये ब्रिटनने नियम आवळला, की एखाद्या विद्यापीठाने बोलावलेल्या विद्यार्थ्यांपैकी शंभरात पाचांहून अधिक जणांचा व्हिसा नाकारला गेला, तर विद्यापीठाच्याच परवान्यावर गदा यावी. पूर्वी ही मर्यादा दहा होती. झाले! त्या वर्षाच्या अखेरीस काही विद्यापीठांनी पाकिस्तानातून विद्यार्थी घेणे थांबविले किंवा फार कमी केले. म्हणजे गुजराणवाल्याच्या कोणा एकाने खोटा कागद जोडला, तर त्याची शिक्षा मुलतानच्या सरळमार्गी मुलीला. परीक्षेत एका बाकावर कॉपी सापडली म्हणून साऱ्या वर्गाला नापास करावे, तसाच हा न्याय.

आणि कधी कधी परका देश नव्हे, आपला देशच पाठ फिरवितो. २०२० च्या आरंभी चीनमधल्या वूहान शहरात करोनाची साथ उसळली तेव्हाची गोष्ट तुम्हांला आठवत असेल. चीनमध्ये त्या काळात पाकिस्तानचे अठ्ठावीस हजारांच्या आसपास विद्यार्थी होते. त्यांतले कित्येक त्या कोंडलेल्या शहरात अडकले. १ आणि २ फेब्रुवारीला एअर इंडियाच्या दोन विमानांतून साडेसहाशेच्या आसपास माणसे दिल्लीला आली. पाकिस्तान सरकारने मात्र आपल्या मुलांना आहेत तिथेच ठेवण्याचे ठरविले. एका पाकिस्तानी विद्यार्थ्याने खिडकीतून चित्रफीत काढली. खाली बस उभी आहे, भारतीय मुले सामान घेऊन चढत आहेत, आणि हा वरून पाहतो आहे. इकडे आईबाप इस्लामाबादच्या उच्च न्यायालयात गेले. मुले घरी पोहोचली ती मे महिन्यात. सरकारचा निर्णय वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने बरोबर की चूक, याचा वाद तज्ज्ञांनी घालावा. मला दिसते ती खिडकी.

या पार्श्वभूमीवर मे २०२५ उजाडला. ७ ते १० मे हे चार दिवस आपण सर्वांनीच टीव्हीसमोर बसून काढले. त्यांतल्याच एका संध्याकाळी माझ्या विद्यार्थ्याची आई माझ्याकडे आली. चेहरा उतरलेला. म्हणाली, "सर, तुमचं तो ऐकतो. त्याला सांगा, ते घर सोड म्हणावं. आजच्या आज सोड."

मी म्हटले, "ताई, आधी बसा. तो काय म्हणतो?"

"तो म्हणतो, घराचा करार दोघांच्या नावावर आहे. एकानं सोडलं तर सगळं भाडं दुसऱ्याच्या माथी बसतं. मी म्हटलं, बसू दे. तर म्हणतो, आई, असं करता येत नाही."

मी त्यांना सांगितले, की तो मुलगा आजवर कसा वागला एवढेच पाहा. त्याचे सरकार कसे वागले याचा जाब त्याला विचारू नका, कारण ते सरकार त्यालाही विचारून वागत नाही. मग मी त्यांना केंब्रिजची एक गोष्ट सांगितली. १९५३ च्या शरद ऋतूत दोन तरुण तिथे अर्थशास्त्र शिकायला आले. एक ढाक्याशी नाते असलेला बंगाली, अमर्त्य सेन. दुसरा जम्मूत जन्मलेला आणि फाळणीत लाहोरला गेलेला, महबूब उल हक. फाळणीला अवघी सहा वर्षे झाली होती आणि जखमा ओल्या होत्या. तरी त्यांची जी मैत्री जमली ती हकसाहेब १९९८ साली वारले तोवर टिकली. देशाची श्रीमंती नुसत्या उत्पन्नावर न मोजता माणसाचे आयुष्य, शिक्षण आणि राहणीमान यांवर मोजावी, हा मानव विकासाचा अहवाल १९९० पासून निघू लागला. तो हकसाहेबांच्या पुढाकाराने निघाला आणि सेन त्यांच्या मदतीला होते. आज आपल्या वर्तमानपत्रांत भारताचा क्रमांक कितवा याची बातमी येते, ती या भारत-पाकिस्तानच्या जोडीची कमाई.

ताई ऐकत होत्या. पटले असे त्या म्हणाल्या नाहीत. पण दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "सर, त्या मुलाच्या आईनंही त्याला तेच सांगितलंय म्हणे. त्या हिंदुस्थानी पोराबरोबर राहू नकोस." आणि मग थोडे थांबून म्हणाल्या, "तिचंही बरोबरच आहे. आईच ती." घर कोणी सोडले नाही.

आता पुन्हा परतीच्या तिकिटाकडे वळतो. अभ्यासक्रम संपल्यावर या मुलांना ब्रिटनमध्ये नोकरी शोधायला दोन वर्षे मिळतात. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच वर्ष, असे २०२५ मध्ये ठरले. फैसलाबादच्या मुलाला दोन वर्षे मिळाली. त्याच्यासमोर प्रश्न आहे, राहायचे की जायचे? हाच प्रश्न ज्याच्यापुढे सर्वांत तीव्रपणे उभा राहिला, तो माणूस त्याच्याच मुलखातला. झंग हे गाव फैसलाबादपासून फार लांब नाही. तिथे वाढलेल्या अब्दुस सलाम या मुलाला १९४६ साली केंब्रिजची शिष्यवृत्ती मिळाली. महायुद्धासाठी पंजाबात गोळा केलेला निधी युद्ध संपल्यामुळे उरला होता. त्यातून लहान शेतकऱ्यांच्या मुलांसाठी ही शिष्यवृत्ती निघाली. पुढच्या वर्षी फाळणी झाली आणि ती योजना विरली. सलाम तेवढे वेळेवर निघाले. मुंबईच्या बंदरातून बोटीने लिव्हरपूलला उतरले, तेव्हा धक्क्यावर थंडीने कुडकुडत होते. सर जफरुल्ला खान तिथे दुसऱ्या कोणाला घ्यायला आले होते. त्यांनी आपला ओव्हरकोट त्यांच्या अंगावर घातला.

शिकून मोठे झाल्यावर १९५१ साली सलाम लाहोरला परतले. गव्हर्नमेंट कॉलेजात प्राध्यापक झाले. संशोधनाची सोय शून्य. वरिष्ठांनी सांगितले, वसतिगृहाची देखरेख, हिशेब किंवा फुटबॉलचा संघ, यांपैकी काहीतरी सांभाळा. जगातल्या अव्वल पदार्थविज्ञानशास्त्रज्ञांत ज्याची गणना होऊ लागली होती, त्याने फुटबॉल पत्करला! त्याच काळात वोल्फगांग पाउली हे थोर शास्त्रज्ञ मुंबईला आले होते. त्यांनी सलामना बोलावणे धाडले. कोणाशी तरी आपल्या विषयावर बोलायला मिळेल म्हणून हा भुकेला माणूस विमानाने मुंबईला धावला. परत गेल्यावर, परवानगीवाचून ठाणे सोडल्याबद्दल कारवाईला तोंड द्यावे लागले. एक कॉलेजमास्तर म्हणून हे वाचताना मला हसूही आले आणि पोटात कालवलेही. १९५४ साली सलाम पुन्हा केंब्रिजला गेले. १९७९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पण त्यांचे खरे मोठेपण मला निराळ्याच गोष्टीत वाटते. देश सोडावा लागला याचे दुःख त्यांनी उगाळले नाही. त्या दुःखावर तोड काढली. १९६४ साली इटलीतल्या त्रिएस्त या गावी त्यांनी पदार्थविज्ञानाचे आंतरराष्ट्रीय केंद्र उभारले. त्याची एक योजना आहे. गरीब देशातल्या शास्त्रज्ञाने आपल्याच देशात नोकरी करावी; पण अधूनमधून काही आठवडे त्रिएस्तला यावे, नवे ते शिकावे, जगातल्या विद्वानांशी बोलावे आणि पुन्हा घरी जावे. म्हणजे 'देश की विद्या' ही निवड करण्याची पाळीच येऊ नये. स्वतःला न मिळालेले परतीचे तिकीट त्यांनी दुसऱ्यांसाठी छापून ठेवले. आणि हो, त्या सेम-थूरच्या दुखण्यावर अमेरिकन तज्ज्ञांची मदत मिळावी म्हणून १९६१ च्या सुमारास खटपट करणाऱ्यांत हेच सलाम होते.

या माणसाला त्याच्या देशाने काय दिले? सलाम अहमदिया पंथाचे. १९७४ साली घटनादुरुस्ती करून त्या पंथाला मुसलमान नव्हे असे ठरविण्यात आले. १९९६ च्या नोव्हेंबरात ते ऑक्सफर्डला वारले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे रबवा येथे, आपल्या मातीत, त्यांना पुरले. कबरीवर 'पहिले मुस्लिम नोबेल विजेते' असे कोरले होते. त्यातला 'मुस्लिम' हा शब्द पुढे पुसून टाकण्यात आला. परतीचे तिकीट मिळाले ते असे.

पाकिस्तानचे उच्च शिक्षण आयोग मुलांना परदेशी पाठविते तेव्हा परत येऊन पाच वर्षे देशात काम करण्याचा करार लिहून घेते. करार हवाच, लोकांच्या पैशाने शिकले तर लोकांचे देणे लागते. पण उलट बाजूही पाहा. जुलै २०२४ ते जून २०२५ या एका वर्षात परदेशातल्या पाकिस्तान्यांनी ३८ अब्जांहून अधिक डॉलर मायदेशी धाडले. ज्या खजिन्याला न परतणाऱ्यांचाच आधार आहे, तो परत बोलावणार कोणत्या तोंडाने? करारावर सही करून माणूस येईलही. आल्यावर त्याच्या हाती प्रयोगशाळा द्यायची की फुटबॉल, हे मात्र करारात लिहिलेले नसते.

आणि हे मी फक्त शेजाऱ्याला ऐकवीत नाही. आपली मुले जेव्हा 'परत येऊन करू काय?' असे विचारतात, तेव्हा आपण त्यांना देशप्रेमावर व्याख्यान देतो. त्यापेक्षा आपल्या गावच्या कॉलेजातली प्रयोगशाळा उघडी असते की कुलूपबंद, एवढे एकदा जाऊन पाहिले तर अधिक उपयोग होईल.

फैसलाबादच्या मुलाचे अजून ठरलेले नाही. एका सल्लागार कंपनीत त्याला काम मिळाले आहे. पहिल्या पगारातून बहिणीच्या लग्नाचे पैसे गेले. वडिलांच्या उरलेल्या अडीच एकरांपैकी अर्धा एकर पांढरा पडू लागला आहे. त्याने तिथल्या मातीचा नमुना मागवून घेतला, आणि माझ्या विद्यार्थ्यानेही सांगलीहून मागवला. दोन्ही पुड्या एकाच फळीवर ठेवल्या आहेत, चिठ्ठ्या लावून, नाहीतर ओळखू येत नाहीत.

ताईंनी यंदा फराळाचा डबा पाठविण्याआधी मुलाला फोन करून एवढेच विचारले, "त्याला चकली तिखट चालते ना?"